नव्वदीचं रॉक ऐकायला कुठून सुरुवात करायची: नवख्यांसाठी पायरी-पायरीने

नव्वदीच्या दशकातलं रॉक पहिल्यांदा ऐकणारे बहुतेक जण एकाच खड्ड्यात पडतात. ॲपवर शंभर हिट गाण्यांची तयार यादी लावायची, शफल चालू ठेवायचं, आणि अर्ध्या तासात ठरवून टाकायचं की हे सगळे सारखेच ओरडतात.

या संगीताचा जीव हळू आणि जोरात यांच्यातल्या अंतरात आहे. कडवं कुजबुजल्यासारखं आणि लगेच पुढचा कोरस (म्हणजे धृपद) छप्पर कोसळल्यासारखा. हा खेळ बोस्टनच्या पिक्सीज या बँडने ऐंशीच्या दशकाच्या शेवटी रुळवला. निर्वाना बँडचा गायक कर्ट कोबेनने तो आपण तिथूनच उचलल्याचं १९९४ सालच्या मुलाखतीत सरळ कबूल केलं होतं. फोनचा स्पीकर, शफल, भलती आवृत्ती या तिन्ही गोष्टी नेमकं हेच अंतर खाऊन टाकतात. खालच्या पायऱ्यांमधला निम्मा खटाटोप ते वाचवण्यासाठी आहे.

काय काय लागेल

- कान पूर्ण झाकणारे हेडफोन, शक्यतो वायरचे. महागडे नकोत, पण बास फुगवून सांगणारे टाळा.
- पूर्ण अल्बम मिळणारं कुठलंही ॲप, किंवा सीडी आणि सीडी प्लेअर.
- एका वेळी सलग ४५ मिनिटं. त्या काळातले बरेचसे अल्बम एवढ्यात बसतात, काही मात्र ७० मिनिटांच्या पुढे जातात.
- गिटार असेल तर उत्तम, नसेल तर सातवी पायरी सोडून द्या.

१. आधी ॲपची सेटिंग्ज नीट करा

शफल बंद. क्रॉसफेड (संपत्या गाण्यात पुढचं गाणं मिसळणं) शून्यावर. इक्वलायझर सपाट, बेस बूस्ट बंद, 'स्पेशियल ऑडिओ' असेल तर तेही बंद.

आता राहिलं व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन. अनेक ॲप सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणतात. स्पॉटिफाय साधारण −१४ एलयूएफएस (आवाजाच्या जोराचं माप) ही पातळी धरतं. हे चालू ठेवायला हरकत नाही, फक्त 'नॉर्मल' निवडा. 'लाउड' निवडलंत की लिमिटर मध्ये येतो आणि उंच टोकं दाबली जातात. आणखी एक बारकावा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. अल्बम क्रमाने लावला तर पूर्ण अल्बमला मिळून एकच दुरुस्ती लागते, म्हणून हळू गाणं हळूच राहतं. शफल केलं की प्रत्येक गाणं सुटं मोजलं जातं आणि शांत गाणंही वर खेचलं जातं.

आवाज किती ठेवायचा? नेहमीची चूक अशी होते की शांत सुरुवात ऐकून आवाज वाढवला जातो, मग कोरस कानावर आदळतो, की हात खाली. पुढच्या कडव्याला पुन्हा वर. त्यापेक्षा गाणं पुढे ढकलून सगळ्यात जोरदार भाग आधी लावा, तिथे सोसेल इतका आवाज ठेवा, मग सुरुवातीला या. त्यानंतर बटणाला हात लावायचा नाही.

२. पहिला अल्बम: 'नेव्हरमाइंड'

'इतका प्रसिद्ध आहे म्हणजे ओव्हररेटेड असणार' असं म्हणून तो टाळू नका. निर्वानाचा हा अल्बम २४ सप्टेंबर १९९१ ला आला. जानेवारी १९९२ मध्ये त्याने मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला अमेरिकेतल्या बिलबोर्ड यादीच्या पहिल्या जागेवरून खाली उतरवलं. लांबी सुमारे ४२ मिनिटं.

पहिलंच गाणं, 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट', घड्याळ लावून ऐका. पहिली आठेक सेकंदं एकटी गिटार चार कॉर्ड वाजवते, थोडीशी खरखरीत, जवळजवळ निष्काळजी. मग ड्रम पडतात आणि तेच चार कॉर्ड भिंतीसारखे उभे राहतात. पंचविसाव्या सेकंदाच्या आसपास ती भिंत नाहीशी होते. गिटारकडे उरतात फक्त दोन सूर, तेही 'कोरस' नावाच्या गिटार पेडलमधून पाण्याखालून आल्यासारखे. गाणं पुढे चालवतात बास आणि ड्रम. गाताना कोबेनचा आवाज इतका खाली असतो की शब्द धड कळत नाहीत. मिनिटाच्या सुमारास तो वर चढायला लागतो आणि भिंत परत येते. चाल फारशी बदललेली नाही, कॉर्डही तेच आहेत. बदललं ते वजन. हे एकदा कानाला कळलं की दशकातली निम्मी गाणी उलगडतात.

कोरसमधला आवाज एकट्याचा असून जाड का वाटतो? निर्माता बुच विगने त्याच ओळी कोबेनकडून दोनदा गाऊन घेतल्या. कोबेनला हे फसवणुकीसारखं वाटायचं, तेव्हा विगने 'जॉन लेननही असंच करायचा' असं सांगून त्याला राजी केलं.

यानंतर लगेच 'इन यूटेरो' (१९९३) लावा. ध्वनिमुद्रण स्टीव्ह अल्बिनीचं, मिनेसोटातल्या पॅकिडर्म स्टुडिओत. फक्त ड्रमकडे लक्ष द्या. 'नेव्हरमाइंड'चे ड्रम घासूनपुसून चकचकीत केलेले आहेत, इथे ते एका खोलीत वाजताहेत आणि त्या खोलीच्या भिंतीही ऐकू येतात. कुठला आवडतो ते तुमचं तुम्ही ठरवा. माझं मत दुसऱ्याला.

३. अमेरिकेतल्या सिॲटल शहराचे बाकीचे तीन बँड, याच क्रमाने

पर्ल जॅम, 'टेन' (१९९१). सगळ्यात सोपा प्रवेश. सत्तरीच्या दशकातलं क्लासिक रॉक आवडत असेल तर हा पहिल्या दिवशीच पटेल. गायक एडी व्हेडरचं खालच्या पट्टीतलं गाणं पुढे इतक्या लोकांनी नकललं की मूळ ऐकतानाच नक्कल वाटते. त्याला तो बिचारा काय करणार?

ॲलिस इन चेन्स, 'डर्ट' (१९९२). लेन स्टेली आणि जेरी कँट्रेल यांचे दोन आवाज एकमेकांना घासून जातात आणि तो किंचित कडू मेळ हीच या बँडची सही. विषय हेरॉइनच्या व्यसनाचा, तोही आडपडदा न ठेवता. मन आधीच जड असेल त्या दिवशी त्याऐवजी 'जार ऑफ फ्लाइज' (१९९४) घ्या. अर्ध्या तासाचा, बहुतांशी अकूस्टिक. बिलबोर्डच्या अल्बम यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरलेला हा पहिला ईपी (अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड).

साउंडगार्डन, 'सुपरअननोन' (१९९४). १५ गाणी, ७० मिनिटं. दोन बैठकांत ऐका, एका दमात संपवायला गेलात तर शेवटची चार गाणी वाया जातात.

साउंडगार्डन आणि ॲलिस इन चेन्स आवडूनही पाय चुकतो, याचं कारण बहुधा मात्रा. साउंडगार्डनचं 'आउटशाइन्ड' (१९९१ च्या 'बॅडमोटरफिंगर'मधलं) सातच्या चालीत आहे, आणि 'डर्ट'चं पहिलं गाणं 'देम बोन्स'ही कडव्यात सातातच धावतं. चार-चार मोजत बसलात तर दर वेळी एक मात्रा कमी पडेल. ज्यांच्या कानात सात मात्रांचा रूपक ताल मुरलेला आहे त्यांना हे लवकर सापडतं. 'देम बोन्स'चा कोरस चारावर येतो तेव्हा दम मोकळा झाल्यासारखा वाटतो तो त्यामुळेच.

सापळा: 'ग्रंज' हा एक आवाज आहे असं समजू नका. तो मुळात एका शहराचा आणि थोडाफार सब पॉप या छोट्या रेकॉर्ड कंपनीच्या जाहिरातबाजीचा शिक्का. निर्वाना पंकमधून आले, साउंडगार्डन ब्लॅक सॅबथच्या वाटेवरून, ॲलिस इन चेन्स सरळ मेटलमधून. आणि ज्यांना सर्रास ग्रंज म्हणतात त्यातले स्टोन टेम्पल पायलट्स सॅन डिएगोचे, बुश लंडनचे, तर सिल्व्हरचेअर ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलचे. १९९५ मध्ये सिल्व्हरचेअरचा पहिला अल्बम आला तेव्हा ही पोरं पंधरा वर्षांची होती.

४. आवृत्ती तपासा (इथेच सगळे फसतात)

'रीमास्टर' आणि 'रीमिक्स' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रीमास्टरमध्ये तयार मिश्रणाला शेवटचा हात पुन्हा फिरवतात: आवाजाची पातळी, तळ आणि टोक यांचा तोल. रीमिक्समध्ये मूळ ट्रॅक सुटे करून गिटार, ड्रम, गळा पुन्हा मांडतात. पहिल्यात रंगाचा हात बदलतो, दुसऱ्यात भिंती हलतात.

रीमास्टरची भानगड अशी की डिजिटल आवाजाला एक कमाल छत असतं, त्याच्या वर जाता येत नाही. गाणं आणखी जोरात वाटावं म्हणून मग लिमिटरने टोकं दाबतात आणि बाकी सगळं वर उचलतात. कुजबुज आणि किंकाळी शेजारी-शेजारी येऊन बसतात. 'नेव्हरमाइंड'ची २०११ ची विसाव्या वर्षाची आवृत्ती १९९१ च्या सीडीपेक्षा अशीच चढी आणि दाबलेली आहे. दोन्ही मिळाल्या तर जुनी घ्या.

तपासायचं कसं? ॲपवर अल्बमच्या नावापुढे 'रीमास्टर्ड', 'डिलक्स', 'ॲनिव्हर्सरी' असं काही आहे का बघा. सीडीवर मागच्या बाजूला ℗ खुणेपुढचं वर्ष बघा, दोन वर्षं दिसली तर ती फेरआवृत्ती. दोन आवृत्त्यांची तुलना करताना नॉर्मलायझेशन चालूच ठेवा. जास्त जोरात वाजणारी आवृत्ती पहिल्या झटक्यात नेहमी बरी वाटते. कानाची ही खोड मोडल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही.

'टेन'चं प्रकरण वेगळं आहे. मूळ मिश्रणात प्रतिध्वनी इतका की बँड लांबच्या हॉलमध्ये वाजतोय असं वाटतं. २००९ मध्ये ब्रेंडन ओब्रायनने पूर्ण अल्बम रीमिक्स केला, तेव्हा गिटारी एकदम समोर आल्या. पहिल्यांदा मूळच ऐका. त्या काळच्या लोकांनी ज्याच्यावर जीव टाकला ते हे होतं. रीमिक्स महिन्याभराने.

'जुनं म्हणजे चांगलं' हाही नियम नव्हे. ओएसिसचा 'मॉर्निंग ग्लोरी' (१९९५) मुळातच छताला चिकटवलेला आहे. रेड हॉट चिली पेपर्सच्या 'कॅलिफोर्निकेशन'मध्ये (१९९९) तर जोरदार जागी आवाज फाटतो, तुमचे हेडफोन बिघडलेले नाहीत.

सीडी घेणार असाल तर शेवटचं गाणं संपल्यावर लगेच बंद करू नका. 'नेव्हरमाइंड'च्या बहुतेक सीडींवर दहा मिनिटांच्या शांततेनंतर एक लपवलेलं गाणं आहे, अगदी पहिल्या प्रतींवर मात्र ते चुकून राहिलं होतं. ग्रीन डेच्या 'डुकी'च्या (१९९४) शेवटीही ड्रमरने गायलेलं एक चावट गाणं दडलंय.

५. मग इंग्लंड

सिॲटलहून थेट ब्रिटपॉपला (नव्वदीतल्या ब्रिटिश गिटार-पॉपला) आलात तर पहिले दोन दिवस सगळं फार हसरं वाटेल. थांबा जरा.

क्रम असा: ब्लरचा 'पार्कलाइफ' (१९९४), ओएसिसचा 'डेफिनेटली मेबी' (१९९४), पल्पचा 'डिफरंट क्लास' (१९९५). पहिल्यात लंडनची पात्रं आणि टवाळकी, दुसऱ्यात मँचेस्टरच्या पोरांचा 'आम्ही स्टार आहोतच' हा माज, तिसऱ्यात पल्पचा गायक जार्विस कॉकरची वर्गभेदावरची तिरकी नजर. शब्द समजून घेण्यात सर्वांत जास्त मजा पल्पची, तेव्हा बोल समोर उघडे ठेवा.

ब्लर विरुद्ध ओएसिस हा वाद तुमच्या कानावर येणारच. १४ ऑगस्ट १९९५ ला दोघांनी एकाच दिवशी सिंगल (सुटं विकलं जाणारं गाणं) काढलं. त्या आठवड्यात ब्लरच्या सुमारे २,७४,००० प्रती खपल्या, ओएसिसच्या २,१६,०००. आठवडा ब्लरने जिंकला, पण पुढच्या वर्षभरात ओएसिसचा अल्बम कुठच्या कुठे निघून गेला. गंमत म्हणजे ती दोन्ही गाणी त्या-त्या बँडच्या उत्तम कामात मोडत नाहीत. वादासाठी ऐका, प्रेमासाठी नको.

ओएसिस आवडले तर 'द मास्टरप्लॅन' (१९९८) शोधा. सिंगलच्या मागच्या बाजूला टाकून दिलेली ही गाणी, आणि त्यातली कित्येक त्यांच्या पुढच्या अल्बमांपेक्षा सरस. 'बी हिअर नाऊ' (१९९७) सगळ्यात शेवटी. गिटारींवर गिटारी रचल्या आहेत, नऊ मिनिटांनंतरही गाणं संपायला तयार नाही, आणि हळू-जोरातचा तर पत्ताच नाही.

रेडिओहेड वेगळे ठेवा. 'द बेंड्स' (१९९५) आधी, 'ओके कॉम्प्युटर' (१९९७) नंतर. उलट केलंत तर पहिला फिका वाटेल, आणि तो फिका नाही.

६. उरलेल्यातलं जे चुकवू नये

रेज अगेन्स्ट द मशीन (१९९२): सीडीवरच छापलंय की यात सॅम्पल, कीबोर्ड, सिंथेसायझर वापरलेले नाहीत. डीजेसारखे येणारे आवाज टॉम मोरेलोच्या गिटारचे. स्मॅशिंग पम्पकिन्सचा 'सायमीज ड्रीम' (१९९३) आधी घ्या, २८ गाण्यांचा 'मेलन कॉली' (१९९५) सवड असेल तेव्हा. माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा 'लव्हलेस' (१९९१) पहिल्यांदा ऐकताना फाइल खराब आहे असं वाटतं, नसते. विझरचा निळ्या मुखपृष्ठाचा अल्बम (१९९४) कुठल्याही दिवशी चालतो.

७. हातात गिटार असेल तर

सगळ्यात जाड तार ई वरून डी वर उतरवा, बाकीच्या पाच तशाच. हे ड्रॉप डी. खात्री करायची तर चौथी मोकळी तार वाजवा, जाड तार तिच्याच सुरात एक सप्तक खाली जुळली पाहिजे. आता खालच्या तीन तारांवर एक बोट आडवं ठेवलं की पॉवर कॉर्ड तयार, आणि तेच बोट सरकवत साउंडगार्डनचे रिफ निघतात.

अडचण इथे येते की रेकॉर्डबरोबर वाजवताना सगळं अर्ध्या स्वराने बेसूर वाटतं. ॲलिस इन चेन्सच्या सुरुवातीच्या अल्बममध्ये गिटार अर्धा स्वर खाली आहे, निर्वानाच्या 'कम ॲज यू आर'मध्ये पूर्ण एक स्वर खाली. आधी ते बघा, मग बोटांना दोष द्या. तार फार सैल होऊन फ्रेटवर फडफडत असेल तर एक नंबर जाड संच बसवा.

८. मैदानावरचं रॉक

नव्वदीच्या चाहत्यांशी गप्पा मारायच्या तर खेळ टाळता येत नाही. पर्ल जॅमचं पहिलं नावच मुकी ब्लेलॉक होतं, न्यू जर्सी नेट्सच्या बास्केटबॉल खेळाडूवरून. रेकॉर्ड कंपनीशी करार झाल्यावर ते बदलावं लागलं, तर त्यांनी अल्बमला त्याच्या जर्सीचा आकडा दिला, १०.

ब्लरचं 'साँग २' (१९९७) दोन मिनिटं दोन सेकंदांचं, अल्बममधलं दुसरं, आणि ब्रिटनच्या यादीत पोचलं तेही दुसऱ्या क्रमांकावर. अमेरिकी गोंगाटाची टिंगल म्हणून केलेलं हे गाणं 'फिफा: रोड टू वर्ल्ड कप ९८' या व्हिडिओ गेममध्ये गेलं आणि अमेरिकेतल्याच स्टेडियममध्ये आरोळी बनलं. टिंगल कुणाची झाली ते सांगणं अवघड.

मेटॅलिकाचं 'एंटर सँडमन' १९९१ चं, पण बेसबॉलवाल्यांसाठी ते न्यूयॉर्क यँकीज संघाचा पिचर मारियानो रिव्हेरा याच्या प्रवेशाचं गाणं, १९९९ पासून २०१३ मध्ये तो निवृत्त होईपर्यंत. त्याला स्वतःला हेवी मेटलचं वेड नव्हतं, निवड स्टेडियमच्या लोकांची.

इंग्लंडच्या फुटबॉल संघाचं 'थ्री लायन्स' ऐकताना १९९६ ची आवृत्ती घ्या. १९९८ मध्ये शब्द बदलून ते पुन्हा केलं गेलं आणि ॲपवर दोन्ही असतात. १९९६ च्या युरो स्पर्धेत वेम्ब्लीवर सगळं मैदान ते गात होतं, आणि २६ जूनच्या उपांत्य सामन्यात जर्मनीने पेनल्टींवर इंग्लंडला घालवलं. हरणाऱ्यांचं गाणं म्हणून ते टिकलं, असं मला वाटतं.

९. गप्पांमधले सापळे

'अस्सल ग्रंज बोली' म्हणून कुणी शब्द फेकायला लागलं तर हसून सोडा. नोव्हेंबर १९९२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ग्रंजचा शब्दकोशच छापला होता. सब पॉपमध्ये आधी काम केलेल्या मेगन जॅस्परने फोनवर जागच्या जागी रचून दिलेले ते शब्द होते, सगळे खोटे.

एकाच संग्रहावर भागवायचं असेल तर 'सिंगल्स' (१९९२) या सिॲटलमध्ये घडणाऱ्या चित्रपटाचा साउंडट्रॅक चालेल. पर्ल जॅम, साउंडगार्डन, ॲलिस इन चेन्स, मडहनी सगळे आहेत. निर्वाना नाहीत, यादी करणाऱ्याचा विसर समजू नका.

१०. शेवटी अनप्लग्ड

एमटीव्हीचे अनप्लग्ड (अकूस्टिक वाद्यांवरचे) कार्यक्रम आधी ऐकू नका. गाणी जोरात कशी वाजतात ते ठाऊक असेल तरच ती उतरवलेली कळतात. आधी पर्ल जॅमचा (१९९२), मग ॲलिस इन चेन्सचा (१९९६), आणि निर्वानाचा सगळ्यात शेवटी. तो १८ नोव्हेंबर १९९३ ला न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झाला. डेव्ह ग्रोल ड्रम फोडल्यासारखे वाजवायचा, म्हणून त्याच्या हाती ब्रश आणि हलक्या काड्या दिल्या गेल्या. आणि डेव्हिड बोवीचं 'द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड' ऐकताना गिटारकडे नीट कान द्या. अकूस्टिकला अशी खरखर कुठून येईल? कोबेनने अँप्लिफायरशिवाय वाजवायला नकार दिला होता, तेव्हा निर्मात्याने त्याच्यापुढे स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरसारखी दिसणारी खोटी पेटी ठेवून तो लपवला. कार्यक्रमाचं नाव अनप्लग्ड, आणि प्लग लावलेला.